महाल बघायचा मौसम

दौलताबादच्या गडावर कधी जावं, असं विचारणारी माणसं मला अजून भेटतात. मी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला आणि बरीच वर्षं सहली नेल्या, हे त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं. मग ती आमच्याच खुर्चीत ऐसपैस बसून, आमचाच चहा पीत विचारतात, "बाई, तो वरचा महाल बघायला उत्तम सीझन कोणता?" मी सांगते, दिवाळी झाली की जा, थंडीत. त्यावर ती म्हणतात, "थंडीत आम्हाला जमणार नाही हो." नोकरीत होते तेव्हा मी अशा वेळी गप्प बसायची. आता विचारते, मग माझं डोकं कशाला खाता?

ज्यांनी हा गड पाहिला नाही त्यांना थोडं सांगायला हवं. खाली मोठमोठे दरवाजे, मग खंदक, खंदकावरचा पूल, आणि त्यानंतर डोंगराच्या पोटातून वर चढणारं एक भुयार. त्याला अंधारी म्हणतात. आत हात पुढं केला तर हात दिसत नाही. वाटाड्या मशाल घेऊन पुढं चालतो, वर वटवाघळं लटकलेली असतात आणि त्यांचा वास नाकात दोन दिवस राहतो. अंधारीतून बाहेर पडलं की पायऱ्या, मग एक गणपतीचं देऊळ, पुन्हा पायऱ्या, आणि जवळजवळ माथ्यावर कमानींची बारादरी. हाच तो महाल. बादशाही लोकांनी उन्हाळ्यात वाऱ्याला येऊन राहावं म्हणून बांधलेला. भर उन्हाळ्यासाठी बांधलेला महाल बघायला आपली माणसं थंडी शोधतात, ही गंमत मी वर्गात दरवर्षी सांगायची. मुलं हसायची. गावातल्या मोठ्या माणसांना ही गंमत कळायला फार वर्षं लागली.

आमची शाळा चुडाव्याच्या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका लहान गावात होती. मी सत्तरीच्या दशकात तिथं लागले. सहल नेणं म्हणजे लोकांना वाटतं, बाईंना फुकट फिरायला मिळतं. खरं काम असतं ते डोकी मोजायचं. गाडीत बसताना मोजा, उतरताना मोजा, अंधारीत शिरताना मोजा, बाहेर आल्यावर पुन्हा मोजा. एकाला उलटी होते, एकाची चप्पल खंदकात जाते, एकाला सीताफळाच्या टोपलीशिवाय पुढं जायचं नसतं. आणि या सगळ्याच्या आधीचं काम म्हणजे हंगाम ठरवणं. ते काम मात्र माझ्याकडं कधीच नव्हतं. हंगाम ठरवायला मोठी माणसं होती.

त्यातले एक आमचे हेडमास्तर, रत्नपारखी सर. त्यांनी एका वर्षी मुलांची सहल श्रावणात नेली. सृष्टी हिरवीगार असते, म्हणाले. मी म्हटलं, सर, पायऱ्याही हिरव्यागार असतात. त्यांना ते पटलं नाही. शेवाळावरून पहिल्याच चढावर सर असे बसले की उरलेला दिवस खाली दरवाजाशी पहारेकऱ्याच्या बाकड्यावर कंबर चोळत होते. वर आम्हाला ढगाशिवाय काही दिसलं नाही, समोरच्या मुलाची टोपीसुद्धा नीट दिसेना. पण पुढच्या सव्वीस जानेवारीला सरांनी महालाच्या कमानीतून दिसणाऱ्या देखाव्यावर असं काही भाषण ठोकलं की गावकरी भारावून गेले. मुलं माझ्याकडं बघत होती आणि मी झेंड्याकडं बघत होते.

परभणीचे एक साहेब होते, सहकुटुंब जाणार होते. त्यांनी मला विचारलं, "वटवाघळं कोणत्या महिन्यात नसतात?" मी म्हटलं, साहेब, ती तिथंच राहतात, पाहुणे आपण आहोत. साहेब नाराज झाले. माहिती अपुरी आहे, म्हणाले.

तर अशी ही हंगामवाली मंडळी. तरीही मुलांची सहल दरवर्षी जायचीच. श्रावणातला तो शहाणपणा एकदाच झाला. एरवी मार्गशीर्षात पोरं चुडाव्याला छोट्या लाइनीच्या पॅसेंजरमध्ये कोंबायची, सकाळी दौलताबादला उतरायचं, गड बघायचा आणि परतीच्या गाडीनं यायचं. एक सर आणि मी. त्याला मीटिंग लागत नव्हती की पंचांग लागत नव्हतं. प्रश्न आला तो मुलींचा.

प्रश्न उभा केला चंद्रकलानं. ती तेव्हा आठवीत होती. शाळा समितीचे अध्यक्ष, ज्यांना गाव मालक म्हणायचं, त्यांची ही धाकटी मुलगी. मी महालाबद्दल सांगत होते. हवा कशी, कमानी कशा, बादशहा कसा बसत असेल. ही उठली आणि म्हणाली, "बाई, एवढ्या वर ऱ्हायचे तं त्यायला पानी कोन चढवत व्हतं?"

इतकी वर्षं शिकवत होते, एकाही मुलानं हे विचारलं नव्हतं. मुलांना तोफा किती आणि खंदकात मगरी होत्या का, एवढंच हवं असायचं. चंद्रकला रोज शाळेच्या आधी नदीवरून घागरी आणायची. मालकांकडं गडी होते, पण ते शेतातले. स्वयंपाकाचं पाणी घरच्या बाईमाणसानंच आणायचं, असा त्या घराचा मोठेपणा. मी तिला खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही, पुस्तकात दिलेलं नाही. ती म्हणाली, "मंग आपुन जाऊन बगू की."

वर्गातल्या सगळ्या मुली तिच्याकडं आणि मग माझ्याकडं बघायला लागल्या. मी त्या दिवशी शब्द देऊन बसले.

मीटिंग मालकांच्या ओसरीवर भरली. सगळ्यांना कपबशीतून चहा आला. माझा कप निराळा होता, कान तुटलेला, कोनाड्यात पालथा ठेवलेला. आम्ही बौद्ध. मालक म्हणायचे, आपण स्वतः असलं काही मानत नाही, पण गावाला बरं वाटत नाही. गावाला विचारावं तर गाव म्हणायचं, आमचं काही नाही, मालकांना आवडत नाही. तो कप कुणाचाच नव्हता आणि तरी दर मीटिंगला बरोबर माझ्यापुढं यायचा.

मालक निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, तुमचं म्हननं बिलकुल बराबर हाय. पोरींनी बी बगावं. पर त्याला मौसम पायजे."

"मुलांची जाते तेव्हाच नेऊ. मार्गशीर्षात."

"मार्गशीर्षात कापसाची येचनी ऱ्हाती बाई. पोरी गेल्यावर येचनार कोन?"

"मुलं जातातच की."

"पोरायचा हात कापसाला चालत न्हाई," मालक अगदी गंभीरपणे म्हणाले. रत्नपारखी सरांनी मान डोलावली.

मी म्हटलं, मग पौषात. पौष वाईट, सरांनीच सांगितलं, मुलींच्या जातीला पौषात लांब पाठवू नये. माघात ज्वारीची काढणी, आया शेतात, मग घर आणि लहान भावंडं कोण बघणार? फाल्गुनात परीक्षा. चैत्र-वैशाखात ऊन, पोरी काळ्या पडतात आणि त्याच दिवसांत पाहुणे बघायला येतात. पुढं पेरणी, मग खुरपणी, मग निसरडं. दसऱ्याला कापूस पुन्हा फुटलाच. त्या ओसरीवर एका चहात वर्ष संपलं. महाल होता तिथंच होता, हवाही चांगली होती, फक्त मुलींनी जायचा एकही महिना परमेश्वरानं घडवलेला नव्हता.

"आमची ना न्हाई बरं का," मालक उठताना म्हणाले. "तुमी चांगला मौसम हुडका, आमी इंतजाम करतो."

ना नाही, हे वाक्य मी नोकरीत फार ऐकलं. सरळ नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. नववीच्या वर्षी पुन्हा तीच मीटिंग, तोच कप. दहावीच्या वर्षीही तेच. मार्गशीर्षात मुलांची पॅसेंजर सुटली तेव्हा चंद्रकला रुळांच्या बाजूच्या शेतात कापूस वेचत होती. मी खिडकीतून हात केला. तिनं ओटी सावरली आणि नुसती बघत राहिली. माझं त्या वर्षी गडावर कशात लक्ष लागलं नाही.

दहावीची परीक्षा झाली आणि चंद्रकलाचं लग्न ठरलं. वैशाखातली तारीख, सोनपेठकडचं घर. आता हिचं गडावर जाणं संपलं हे मला कळून चुकलं. सासरी गेलेल्या मुलीला महाल दाखवायला कोण नेणार?

लग्नाच्या खरेदीच्या गडबडीत तिची आई, प्रयागबाई, एके दिवशी शाळेत आल्या. या बाई मीटिंगच्या वेळी आतून चहा पाठवायच्या. त्यांचा आवाज मी तोवर फारसा ऐकला नव्हता. त्या दारातच उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्या गडावर एखांदा देव हाय का?"

"गणपती आहे. वर जायच्या वाटेवरच."

"वाटंवरच हाय नव्हं? मंग झालं."

एवढंच बोलून त्या गेल्या. मला काही उलगडेना. दुसऱ्या दिवशी गावात बातमी आली की प्रयागबाईंचा दौलताबादच्या गणपतीला जुना नवस आहे. चंद्रकला लहानपणी तापानं फणफणली होती तेव्हा बोललेला. लग्नाआधी पोरीला पायरीवर घातल्याशिवाय अक्षता टाकता येणार नाहीत. आणखी दोन दिवसांत चंद्रकलाच्या वर्गातल्या बहुतेक मुलींच्या आयांना आपापले नवस आठवले. कुणाचा खोकल्याचा, कुणाचा म्हशीचा. एका गणपतीनं आमच्या गावासाठी एवढं काम करून ठेवलंय याची कुणाला कल्पना नव्हती.

आणि मालक? तीन वर्षं मौसम शोधणारे मालक लगेच म्हणाले, "देवाचं काम हाय. चैतातल्या संकष्टीला निघा." चैत्र! बाहेर पाखरू फिरकत नव्हतं. पोरी काळ्या पडायची भीती, पाहुणे, ऊन, सगळं एका नवसात वाहून गेलं. महालाला जायला मौसम लागतो, देवाला लागत नाही. रत्नपारखी सर म्हणाले, शाळेचा याच्याशी संबंध नाही, पण गणपतीला माझाही नमस्कार सांगा.

आता माझी गंमत बघा. माझ्या वडिलांनी दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात देव नाहीत. आणि मी संकष्टीची यात्रा घेऊन निघाले. मुली, प्रयागबाई, मी, आणि बरोबर पुरुष माणूस पाहिजे म्हणून स्वतः मालक. मालकांच्या हातात फक्त छत्री होती.

सकाळी दौलताबादला उतरलो. ऊन तेव्हाच बोलायला लागलं होतं. मी मुलींना बजावून ठेवलं होतं की वर पाण्याचा भरवसा धरू नका, प्रत्येकीनं आपलं घ्या. कुणाकडं बाटली, कुणाकडं लहान कळशी. चंद्रकलाकडं घरचा पितळी फिरकीचा तांब्या होता, चांगला वजनदार. माझ्या खांद्याला प्लास्टिकची वॉटरबॅग.

अंधारीत मुली एकमेकींचे पदर धरून किंचाळल्या आणि बाहेर येऊन हसत सुटल्या. मालक आत गप्प होते आणि बाहेर येऊन म्हणाले, "ह्यात काय भ्यायचं?" मग पायऱ्या लागल्या. पहिल्या वळणावर मालकांना तहान लागली. एका मुलीनं बाटली दिली. दुसऱ्या वळणावर दुसरीची कळशी गेली. ते वाटेत बसत, पाणी पीत, आणि उरलेलं मानेवर ओतून घेत. मुली द्यायच्या. न देण्याचं कुणाच्या डोक्यात यायलाच जागा नव्हती.

गणपतीपाशी प्रयागबाईंनी तांब्यातलं थोडं पाणी देवावर घातलं, चंद्रकलाला पाया पडायला लावलं, आणि गुडघे धरून तिथंच सावलीत बसल्या. "नवस फिटला," त्या म्हणाल्या. मग लेकीकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता तिला तिचं बगून येऊ द्या." मालकही तिथं बसले असते तर बरं झालं असतं. पण बायकामाणसं वर गेली आणि आपण खाली, हे त्यांना सोसलं नसतं.

बारादरीत पाऊल टाकलं आणि वारा आला. खाली भट्टी पेटली होती आणि इथं पदर डोक्यावर ठरेना. मुली कमानीकमानीतून पळत होत्या. कुणी आगगाडी दिसते का बघत होती, कुणी आपलं गाव. त्यांना तसं हुंदडताना मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते वाऱ्यावर ढकललं.

चंद्रकला हुंदडली नाही. ती हातात तांब्या घेऊन खडकात खोदलेलं टाकं बघून आली. तळाला हिरवं, किडे पडलेलं पाणी. तिथून खालच्या पायऱ्यांकडं कितीतरी वेळ बघत राहिली. आपण चढून आलो ती वाट.

मालक कमानीत ऐसपैस पाय पसरून बसले होते. वारा अंगावर घेत, डोळे मिटून त्यांनी हाक मारली, "चंद्रे, पानी आन."

ती आली. त्यांच्यासमोर उभी राहिली. तांब्याची फिरकी काढली. मालकांनी हात पुढं केला. तिनं तांब्या वर उचलला आणि स्वतःच्या तोंडात धार सोडली. घटाघटा नाही, सावकाश, दम घेत घेत, शेवटचा थेंब गळेपर्यंत. मुलींची पळापळ थांबली. तांब्या पालथा करून तिनं झटकला आणि म्हणाली, "सपलं, आबा."

मालकांचा हात तसाच पुढं राहिला. त्यांनी बाकीच्या मुलींकडं पाहिलं. मुलींचं सगळं पाणी मालकांनीच वाटेत संपवलं होतं. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, पण घसा इतका कोरडा की आवाज नीट निघेना. उरली होती फक्त माझी वॉटरबॅग. ती भरलेली होती, आणि तिच्याकडं ते बघत होते.

मी म्हटलं, "मालक, माझ्याकडं आहे."

त्यांनी एकदा मुलींकडं पाहिलं, एकदा पायऱ्यांकडं, कुणी चढून येत नाही ना. मग म्हणाले, "द्या. परवासात चालतंय."

वॉटरबॅगेला हात लावायचा नव्हता, म्हणून त्यांनी ओंजळ केली आणि मान खाली घातली. मी उभी राहून वरून धार सोडली. माझ्या आजीनं जन्मभर दुसऱ्यांच्या आडावर असंच पाणी पिलं होतं, वाकून, ओंजळीनं, कुणीतरी वरून ओतेल तेव्हा. मी हात थांबवला नाही. ते पुरे म्हणेपर्यंत ओतत राहिले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आणि त्या माणसाची कीवही आली नाही.

उतरताना चंद्रकला माझी रिकामी वॉटरबॅग आपल्या खांद्याला अडकवून चालत होती. अंधारीच्या तोंडाशी थांबून म्हणाली, "बाई, पानी कोन चढवत व्हतं ते समजलं. राजा कसा पीत व्हता ते बी समजलं."

वैशाखात तिचं लग्न झालं. निकाल लागला तेव्हा ती सासरी होती. पास झाली होती, चांगल्या मार्कांनी. तो निकाल तिनं कुठं वापरला असेल असं मला वाटत नाही. अशी मुलगी सोनपेठकडं कुणाच्या तरी चुलीपाशी गेली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. तिच्यामागून शाळेत आलेल्या मुलींच्या आयांना मात्र दर चैत्रात नवस आठवत राहिले, एवढं खरं. गणपतीनं कधी तक्रार केली नाही.

मालकांच्या ओसरीवर माझा कप पुढंही तसाच कोनाड्यात पालथा राहिला. गडाचा विषय निघाला की मात्र मालक सरसावून बसायचे. पाहुणेरावळ्यांना, सरांना, पूर्णेहून आलेल्या रेल्वेच्या साहेबांनासुद्धा सांगायचे, "थंडीत जानारे येडे हायत. महाल बगायचा तं चैतात. खरा मौसम त्योच. वारा काय, हवा काय!" मी समोरच बसलेली असायची, त्या कानतुटक्या कपातून चहा पीत. मालक माझ्याकडं न बघता पुढं सांगायचे, "आन् वर पान्याचा इंतजाम बी लय चांगला हाय."